शिनझान की रेनझान?
दोन्ही नाकाजिमा या जपानी कंपनीची, जपानी नौदलासाठी बनलेली, चार इंजिनांची बॉम्बफेकी विमाने. १९४१ मध्ये उडालेले शिनझान अमेरिकी डीसी-४ई या प्रवासी विमानावर बेतलेले. तिथेच घोळ झाला: वजन अवाजवी, मामोरू इंजिने बेभरवशाची, वेग जेमतेम ताशी ४२० किलोमीटर. सहाच बनली, काही मालवाहू झाली.

रेनझान पहिल्यापासून बॉम्बफेकीच, पहिले उड्डाण ऑक्टोबर १९४४. प्रत्येकी सुमारे २,००० अश्वशक्तीची, टर्बोचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र) जोडलेली चार होमारे इंजिने आणि ताशी ५९० किलोमीटरचा वेग (अर्थात कागदावर). टर्बोचार्जरच सतत त्रास देत. त्यात धातूची टंचाई. चार नमुन्यांनंतर १९४५ मध्ये काम थांबले. आराखडा म्हणून रेनझानच सरस, फक्त फार उशिरा आलेले.