थायरॉईडची शंका: घरी येणारं पॅकेज की सात रस्त्याची लॅब?

सोलापुरात मे महिन्यात ज्याला रात्री पंखा बारीक करावासा वाटतो, त्याने आधी रक्त तपासून घ्यावं, असं आमच्या मोठ्या वहिनी मला तोंडावर म्हणाल्या. दोन वर्षं झाली त्याला. वजन वाढत होतं, पोट साफ होत नव्हतं, टॉवेल कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर दुपारी तीनला मान खाली यायची. मी सगळं वयावर ढकलत होतो. वहिनींना आठ वर्षांपासून थायरॉईडची गोळी चालू आहे, त्यामुळे आमच्या घरात त्यांचं निदान डॉक्टरांच्या आधी येतं.

रक्त कुठे द्यायचं आणि त्यात काय तपासायचं, हे मला तेव्हा दोन वेगळे प्रश्न वाटले होते. आता वाटतं, एकच आहे. जागा ठरली की तपासण्याही बऱ्याचशा ठरून जातात.

मी आधी सोपी वाट धरली. मोबाईलवर शनिवारी रात्री पॅकेज बुक केलं, रविवारी सकाळी मुलगा जुळे सोलापूरला घरी हजर. सुई टोचल्याचं कळलंसुद्धा नाही, आणि हे मी मनापासून लिहितोय. साखर, चरबी, लिव्हर, किडनी, व्हिटॅमिनं आणि त्यातच थायरॉईड. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मोबाईलवर, लाल-हिरव्या रंगांत. उपाशी राहायला सांगतात ते साखर आणि चरबीसाठी. नुसत्या थायरॉईडला उपाशीपोटाची गरज नसते. सकाळची वेळ मात्र पाळलेली बरी. टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारं हार्मोन, थायरॉईड मंद झाला की ते वाढतं. हा टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतो, दुपारकडे उतरतो. एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी रक्त देऊन आकड्यांची तुलना करत बसलो तर उगाच डोक्याला ताप.

माझा टीएसएच आला ८.२. बहुतेक लॅबमध्ये वरची मर्यादा ४ ते ५ च्या आसपास छापलेली असते. टी-३ आणि टी-४, म्हणजे थायरॉईड स्वतः बनवतो ती हार्मोन्स, दोन्ही हिरव्यात. मी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "हा टोटल टी-४ आहे. मला फ्री टी-४ पाहिजे. आणि अँटी-टीपीओ करून आणा." अँटी-टीपीओ म्हणजे थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीजची तपासणी.

रक्तातला जवळजवळ सगळा टी-४ प्रथिनांना चिकटलेला असतो. मोकळा असतो तो अगदी नगण्य, पण काम तोच करतो. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ही प्रथिनं वाढतात, मग टोटलचा आकडा फुगतो आणि थायरॉईड मात्र आहे तिथेच असतो. माझ्यासारख्या पुरुषाच्या बाबतीत टोटलने फार फसवलं नसतं कदाचित, हे कबूल करतो. पण डॉक्टरांनी मागितलं म्हटल्यावर आणायला हवं. टी-३ तर थायरॉईड मंद असल्याची शंका असेल तेव्हा फारसा उपयोगीच नाही, कारण तो बराच काळ नॉर्मल राहतो. उलट बाजूला, म्हणजे छातीत धडधड, हाताला कंप, खाऊनही वजन उतरतंय असं असेल, तर टी-३ लागतो.

आता माझं खरं दुखणं. मी पॅकेजवाल्यांना फोन केला. रक्त कालच दिलंय, त्यातच या दोन तपासण्या लावा, पैसे आत्ता भरतो. पलीकडच्या ताई गोड बोलत होत्या, पण त्यांना प्रश्नच कळेना. "सर, नवीन बुकिंग करावं लागेल." ठीक. नव्या बुकिंगला किमान रक्कम, ती भरण्यासाठी आणखी दोन नको असलेल्या तपासण्या घ्यायच्या, परत उपाशी, परत सुई. मी विचारलं, माझं कालचं रक्त आहे कुठे? तर ते दुसऱ्या शहरात गेलेलं. तीन फोन झाले, तिन्ही वेळा वेगळा माणूस, आणि प्रत्येकाला थायरॉईडपासून कहाणी सांगायची. चौथ्या वेळी मी फोन ठेवला आणि गाडी काढून सात रस्त्याकडे गेलो.

तिथली लॅब वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, रविवारी दुपारनंतर बंद, आणि पावती अजून हाताने लिहितात. दिसायला काही नाही. पण काउंटरवरच्या ताईंनी चिठ्ठी वाचून आधी विचारलं, "गोळी चालू आहे का? केसांच्या गोळ्या घेता का?" मी टकलावरून हात फिरवला, त्या हसल्या. पण प्रश्न विनोदाचा नव्हता. केसांच्या बऱ्याच गोळ्यांत बायोटिन नावाचं व्हिटॅमिन असतं आणि काही मशिनांवर त्यामुळे टीएसएच खोटाच कमी आणि फ्री टी-४ खोटाच जास्त दिसतो. आमच्या वहिनींचं हेच झालं होतं. टीएसएच एकदम तळाला, डॉक्टर गोळीचा डोस कमी करायच्या बेतात. बायोटिन बंद करून पुन्हा तपासलं तर आकडा जागेवर. तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवा. घरी आलेल्या मुलाने मला हे विचारलं नव्हतं. त्या बिचाऱ्याला सकाळी अजून सात घरं करायची होती.

दुसरं म्हणजे त्या ताईंनी आपणहून सांगितलं की पुढच्या वेळी नुसता टीएसएच द्या, वाढलेला निघाला तर फोन करू आणि त्याच रक्तात फ्री टी-४ लावू. नमुना काही दिवस फ्रीजमध्ये असतोच. एवढंच तर मी तीन फोनवर मागत होतो.

माझा फ्री टी-४ काठावर पण नॉर्मल, अँटी-टीपीओ बराच वर. म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर उलटलेलं. ही अँटी-टीपीओ एकदा पॉझिटिव्ह आली की पुन्हा पुन्हा करत बसायची गरज नसते, पॅकेजमध्ये दरवर्षी दिसली तरी. डॉक्टरांनी गोळी लगेच दिली नाही. दोन-अडीच महिन्यांनी परत बघू म्हणाले. तेव्हा टीएसएच ११ च्या वर गेला आणि गोळी सुरू झाली. तेव्हापासून रक्त त्याच लॅबमध्ये. पॅकेजच्या ८.२ नंतर चारच दिवसांत या लॅबने ७.३ दाखवला होता आणि मी उगाच खूष झालो होतो. चार दिवसांत थायरॉईड सुधारत नसतो. मशीन वेगळं होतं, आणि टीएसएच थोडाफार हलतोही. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचं, आणि फ्री टी-४ सांगितला असेल तर त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची, हेही तिथेच कळलं.

पॅकेज वाईट, असं मी म्हणणार नाही. माझ्या आईला जिना चढवत नाही, तिच्यासाठी आम्ही अजून घरीच मुलगा बोलावतो. ज्याचा डोस स्थिर आहे आणि वर्षातून एकदा नुसता टीएसएच बघायचाय, त्यालाही ते सोयीचं. त्यांच्याकडे फ्री टी-४ सुटा मिळतोही, फक्त तो निवडायचा हे आपल्याला आधी माहीत असावं लागतं. शंका असताना नेमकं तेच माहीत नसतं. गरोदर बाईने मात्र पॅकेज-बिकेजच्या नादी लागू नये. तिच्यासाठी मर्यादा वेगळ्या असतात, सरळ डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच जावं. आणि चिठ्ठी कोणालाही चांगलीच. दोष थायरॉईडमध्ये नसून मेंदूतल्या पिट्युटरीत असेल तर टीएसएच नॉर्मल दिसूनही फ्री टी-४ कमी असू शकतो, ते चिठ्ठी लिहिणाऱ्यालाच सुचणार.

तुम्ही कुठेही जा, आधी एक फोन करा: "टीएसएच वाढला तर त्याच नमुन्यात फ्री टी-४ लावाल का, आणि नमुना किती दिवस ठेवता?" पलीकडून "थांबा, आत विचारून सांगते" असं आलं, तरी मी तिथेच रक्त देईन.