बोरॉन ऑक्साइडची अर्धा किलोची बाटली: पहिली छान, दुसरी गार

माझं काम सोनं गाळायचं आणि डाग द्यायचं, म्हणजे दागिन्याचे तुकडे जोडायचं, ठाण्यात जांभळी नाक्याजवळ. वडील मुशीत सवागी, म्हणजे मळ ओढून घेणारा टाकणखार, टाकायचे, मीही तीस वर्षं तेच केलं. पण सवागीच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं. ज्योत लागली की ती लाहीसारखी फुलते आणि कानशीचा बारीक कीस सोबत उडतो. तो कीस म्हणजे गिऱ्हाइकाचं सोनं. म्हणून फेब्रुवारीत बोरॉन ऑक्साइड आणून पाहिलं.

पहिली बाटली मनासारखी निघाली. पांढरी पूड, वास नाही. वाटीत चमचाभर घेऊन थोडं पाणी घातलं, तर वाटी हाताला गरम लागली. हीच खऱ्या मालाची ओळख: ही पूड पाणी ओढून बोरिक ॲसिड होते आणि होताना तापते.

मुशीत ती फुलली नाही. साधारण 450 अंशांना वितळते, उकळायला 1860 अंश लागतात. तांब्याची काळपट राख अंगात मुरवून घेते आणि गार झाल्यावर मुशीच्या कडेला रंगीत काचेचा पापुद्रा राहतो. मात्र वितळल्यावर काकवीसारखी दाट असते, सवागीसारखी झरझर पसरत नाही. मी आता तव्यावर फुलवून घेतलेली सवागी आणि ही पूड निम्मी-निम्मी मिसळतो. सोन्यावर सलग थर बसतो.

दुसरी बाटली जुलैत घेतली, दुकान तेच. झाकण सैल, आत गठ्ठे. पाणी घातलं, वाटी गारच, म्हणजे पूड आधीच बोरिक ॲसिड झालेली. खऱ्या ऑक्साइडच्या 10 ग्रॅमचं पूर्ण बोरिक ॲसिड झालं तर वजन साधारण 18 ग्रॅम भरतं. म्हणजे अर्धा किलोत ऑक्साइड फार तर 280 ग्रॅम, बाकी आपल्याकडच्या पावसाळी हवेचं पाणी, तेही ऑक्साइडच्या भावानं. बाटली उघडली म्हणून दुकानदारानं परत घेतली नाही, याचा मला खरंच राग आहे. बोरिक ॲसिडच हवं असतं तर ते कितीतरी स्वस्त मिळतं.

पाचपैकी तीन तारे, तेही पहिल्या बाटलीमुळे. घेताना बाटली हलवून बघा, पूड सुटी वाजली पाहिजे. काढताना तोंडाला फडकं बांधा. बोरॉनची धूळ फुप्फुसात जाणं बरं नाही, मुलंबाळं व्हायची असलेल्या पोरांनी तर जास्तच जपावं. माझी बाटली आता ओल शोषणाऱ्या कळीच्या चुन्याच्या खड्यांसोबत घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात असते.