हेलो: सुरुवात 'रीच'पासून की 2001च्या गेमपासून?

'हेलो' या अंतराळयुद्धाच्या व्हिडिओ गेम मालिकेचं 'मास्टर चीफ कलेक्शन' घेतलं की सहा गेम एका रांगेत समोर येतात आणि पहिलाच प्रश्न पडतो, सुरुवात कुठून करायची? एक पक्ष म्हणतो कथेच्या क्रमाने जा, म्हणजे आधी 'रीच'. दुसरा म्हणतो बाजारात ज्या क्रमाने आले त्या क्रमाने, म्हणजे आधी 2001चा 'कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड'. भांडुपच्या माझ्या मावसभावाने लॅमिंग्टन रोडवरून जुनं ग्राफिक कार्ड आणून मशीन उभं केलं आणि लगेच हेच विचारलं. त्याला मी दुसरा रस्ता सांगितला. 'रीच' डावा आहे म्हणून नव्हे. उलट अख्ख्या मालिकेत इतका देखणा शेवट दुसऱ्या गेमला नाही. अडचण तारखांची आहे.

'रीच'वाल्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. तो गेम 24 जुलै 2552ला सुरू होतो, 30 ऑगस्टला संपतो, आणि जिथे संपतो तिथून निघालेलं 'पिलर ऑफ ऑटम' जहाजच पहिल्या गेममध्ये हेलोजवळ, म्हणजे अवकाशातल्या त्या प्रचंड कड्याजवळ, पोचतं. पीसीवर तर कंपनीनेही असंच केलं. डिसेंबर 2019मध्ये आधी 'रीच' आला आणि बाकीचे 2020मध्ये एकेक करून आले. त्यामुळे पीसीवरच ओळख झालेल्या पोरांना हाच क्रम अधिकृत वाटतो. शिवाय 'रीच' 2010चा असल्यामुळे हाताला नवा लागतो आणि दिसायलाही बरा आहे.

आता मेख बघा. रीच ग्रहाच्या पाडावाची गोष्ट पहिल्यांदा सांगितली ती एरिक नायलंडच्या 'द फॉल ऑफ रीच' या कादंबरीने. ती ऑक्टोबर 2001मध्ये, म्हणजे पहिल्या गेमच्याही थोडी आधी आली. त्यात कॉव्हेनंट या परग्रहवासी शत्रूचं आरमार येतं आणि 30 ऑगस्टच्या एका दिवसात सगळा खेळ आटोपतो. 'पिलर ऑफ ऑटम' हे जहाज तेव्हा अंतराळात असतं, जमिनीला टेकतसुद्धा नाही. नऊ वर्षांनी आलेल्या गेममध्ये मात्र शत्रू महिनाभर आधीच ग्रहावर उतरलेला आहे, आणि तेच जहाज असॉडच्या गोदीत जमिनीवर उभं आहे. 'रीच'चा नायक नोबल सिक्स तिथे धावत-पळत पोचतो आणि कॉर्टाना या एआयचा तुकडा जहाजाच्या कॅप्टन कीजच्या हातात देतो. दोन्ही एकत्र ठेवून वाचा. गेममध्ये ऑगस्टभर ग्रहावर आग लागलेली आहे, आणि कादंबरीत त्याच ऑगस्टमध्ये त्याच ग्रहावर स्पार्टनना, म्हणजे खास घडवलेल्या महासैनिकांना, बसवून एका गुप्त मोहिमेची माहिती दिली जातेय. कोणाला धूरसुद्धा दिसला नाही?

ठिगळं लावली गेली, नाही असं नाही. 2010मध्ये कादंबरीची दुरुस्त आवृत्ती निघाली. गेमच्या महागड्या आवृत्तीबरोबर कॉर्टानाला घडवणाऱ्या डॉ. हॅल्सीची डायरी दिली होती. कॉर्टाना एकाच वेळी दोन ठिकाणी कशी, तर तिचे दोन भाग केले होते, हे त्या डायरीतून कळतं. हे ठिगळ मला मनापासून पटतं. जहाजाचं मात्र अजून पटत नाही. शेवटी हा बखर खरी की जेधे शकावली खरी असल्या जातीचा वाद आहे. दोन साधनं, दोन तारखा, आणि आपण कुठलं आधी वाचलं त्यावर आपला पक्ष ठरतो.

म्हणजे कथेच्या क्रमाने जाणारा माणूस नेमका मालिकेतल्या सगळ्यात वादग्रस्त महिन्यातून आत शिरतो, आणि वाद आहे हेच त्याला ठाऊक नसतं. बाजाराच्या क्रमाने गेलात तर 'रीच' पाचवा येतो. तोवर 'रीच पडलं' हे वाक्य तुम्ही जुन्या बातमीसारखं मनात धरलेलं असतं. मग ती बातमी प्रत्यक्ष बघताना कुठे जुळतं आणि कुठे ओढाताण झालीय ते आपलं आपल्याला दिसतं. आणि शेवट कसा होणार हे माहीत असल्यामुळेच तो जास्त लागतो.

कथेच्या क्रमाचा कट्टर आग्रह 'ओडीएसटी'पाशी तर पारच मोडतो. 'हेलो 2'मध्ये कॉव्हेनंटचा पुढारी रिग्रेट याचं जहाज न्यू मोंबासा शहरावरूनच उडी मारून निघून जातं, आणि त्याच क्षणी 'ओडीएसटी'चे सैनिक वरून खाली पडत असतात. क्रम काटेकोर पाळायचा तर 'हेलो 2' मध्येच थांबवायचा, दुसरा गेम लावायचा आणि मग परत यायचं. त्यातही 'ओडीएसटी'चा नायक रूकी सहा तासांनी शुद्धीवर येतो आणि आधी काय घडलं ते मागे जाऊन-जाऊन कळतं. गेमच सरळ रेषेत चालत नाही, आपण कशाला चालवायचा?

जुन्यापासून सुरू करण्याचा तोटाही आहे, तो लपवत नाही. 2001च्या गेममध्ये 'लायब्ररी' नावाचं मिशन आहे. सारखेच कॉरिडॉर, सारखीच झुंड, संपता संपत नाही. रात्री साडेनऊला लोकलमधून उतरून आलेल्या माणसाने ते त्याच रात्री सुरू करू नये. जुनं रूप डोळ्यांना खुपत असेल तर एका बटणावर नवे ग्राफिक्स येतात, पण त्याने मिशन लहान होत नाही. ज्याला वर्षाकाठी एकच गेम संपवायला जमतो आणि पुढचे पाच कधी होणार याचा भरवसा नाही, त्याने खुशाल 'रीच' घ्यावा. एकट्याने उभी राहणारी गोष्ट आहे ती.

सगळंच विस्कटलेलं आहे असंही समजू नका. 'हेलो 4'मध्ये मालिकेचा नायक मास्टर चीफ लांबलचक झोपेतून जागा होतो आणि कॉर्टाना त्याला सांगते की चार वर्षं, सात महिने, दहा दिवस झाले. 'हेलो 3'चा शेवट 11 डिसेंबर 2552चा. बोटावर मोजा, 21 जुलै 2557 येते, आणि गेमचं सालही तेच आहे. हा हिशेब लागतो तेव्हा बरं वाटतं. मात्र त्याच प्रसंगात, झोपलेल्या माणसाचं चिलखत झोपेतच बदललेलं असतं. कॉर्टानाने मधल्या काळात ते सुधारलं, हा खुलासा नंतर आला. तारीख चोख आणि कपडे चुकीचे, असं पहिल्यांदाच घडलं असेल.

मावसभावाला दिलेला क्रम असा: 'कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड', 2, 3, 'ओडीएसटी', 'रीच', 4. कादंबरी वाचायचीच असेल तर 'रीच' संपल्यावर, आधी नाही. 'हेलो वॉर्स' 2531मध्ये घडतो म्हणून त्याला सगळ्यांच्या आधी बसवण्याचा मोह होईल. तो या कलेक्शनमध्ये नाही, खेळायची पद्धतही वेगळी आहे, आणि त्यात फ्लड या परजीवी जीवांचं, म्हणजे 2001च्या गेममधल्या धक्क्याचं, गुपित आधीच फुटतं. 2531मध्ये फ्लड दिसले, मग 2552मध्ये कोणालाच कसे माहीत नाहीत? तर ज्यांनी पाहिले त्यांचं जहाजच परत आलं नाही, त्यामुळे खबर पोचली नाही. हे उत्तर चालण्यासारखं आहे, पण ते कळायला आधी 2001चा धक्का बसलेला हवा.