‘३१८’चा अर्थ विक्रेत्याने सांगितला आणि मी मानला

माझ्या १९४४ च्या विलीज एमबी जीपला पाच टायर हवे होते. माप ६.००-१६, नक्षी जुनी लष्करी, पुढे-मागे कशीही फिरवली तरी सारखीच दिसणारी. एका विक्रेत्याकडे मिळाले. ‘लष्करी साठ्यातले, एकदाही रस्त्यावर न आलेले,’ असं त्याने लिहिलं होतं. फोटोत रबर काळंभोर, खोबण्या पूर्ण खोल, साच्यातून निघतानाचे रबराचे केससुद्धा शाबूत.

मी तारीख विचारली. त्याने साइडवॉलवरच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरच्या, ‘डीओटी’च्या (अमेरिकी परिवहन खात्याच्या) ओळीतला शेवटचा आकडा जवळून टिपून पाठवला: ३१८. “तिसरा महिना, २०१८,” तो म्हणाला. मी पैसे पाठवले.

२००० सालापासून हा आकडा चार अंकी असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मार्च २०१८ चा टायर असता तर १११८ असं काहीतरी दिसलं असतं. तीन अंक म्हणजे टायर त्याआधीचा. ३१८ म्हणजे ३१ वा आठवडा आणि ८ वर संपणारं वर्ष. नव्वदच्या दशकात अनेक कंपन्या आकड्यानंतर छोटा त्रिकोण उठवत, माझ्या टायरांवर तो नव्हता. म्हणजे बहुधा १९८८. हे मला समजलं ते मागच्या टायरची नक्षी चालत्या गाडीत सोलून निघाल्यावर. वेग कमी होता, समोर कुणी नव्हतं, म्हणून निभावलं.

रबर नुसतं ठेवलं तरी म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक करतात, भेगा पाडतात. पॉलिश पुसल्यावर खोबण्यांच्या तळाशी त्या दिसल्या, बारीक पण सलग. टायर रिमवर चढवून, हवा भरून आले होते. तेव्हा मला ती सोय वाटली, पण त्यामुळे आतलं काहीच दिसलं नाही. उघडल्यावर फ्लॅप (ट्यूब आणि रिम यांच्यामधली रबरी पट्टी) इतका ताठ निघाला की त्याच्या कडेने ट्यूब कापत आणली होती. (दोन भागांचा, बोल्टने जोडलेला लष्करी रिम असेल तर व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडल्याशिवाय नटाला हातही लावू नका. त्याने जीव जाऊ शकतो.)

पाचातले दोन टायर दुसऱ्याच कंपनीचे होते. माप तेच लिहिलेलं, पण टेप लावून मोजलं तर घेर वेगळा. या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये चाकांच्या फिरण्यातला फरक सामावणारा डिफरेन्शियल नाही. चारही चाकांची ओढ चालू करून कडक रस्त्यावर थोडं गेलो की गिअरचा दांडा अडकून बसायचा, आणि मी दोष गिअरबॉक्सला देत होतो.

आता मी जुन्या नक्षीच्या साच्यात नव्याने बनवलेले, ६ प्लाय रेटिंगचे (हा टायरच्या वजन पेलण्याच्या ताकदीचा दर्जा), एकाच कंपनीचे पाच टायर घेतले आहेत. प्रत्येकाचा आकडा आधी मागितला, रिमवर चढवलेले नकोत असं सांगितलं. संपूर्ण आकडा बऱ्याचदा एकाच साइडवॉलवर असतो, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो घेतले.

सोललेल्या टायरचा फोटो त्या विक्रेत्याला पाठवला. उत्तर आलं, “रस्त्यावर न आलेले म्हटलं होतं, तसेच होते.” त्याच्याकडे तसलेच टायर अजून विक्रीला आहेत. नव्या फोटोंत फक्त आकडा नसलेली बाजू दिसते.