दापोलीच्या मुरूडला सात महिने: आसपास काय बघावं आणि कधी बघावं

आधी एक खुलासा. हे मुरूड रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यातलं. जंजिऱ्याचं मुरूड रायगडात, ते वेगळं. खोली बुक करताना तालुका नीट बघा, चुकलात तर अख्खा दिवस गाडीत जाईल.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तिला सपाटीवर रोज चालणं सांगितलं होतं. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होणारं. म्हणून नोव्हेंबर ते मे आम्ही दोघी समुद्रापासून पाच मिनिटांवरच्या एका घरगुती निवासात महिन्याच्या बोलीवर राहिलो. मुरूडचा किनारा लांबलचक, उतार अगदी कमी, ओहोटीला वाळू घट्ट. आईसाठी याहून चांगली जागा मला मिळाली नसती.

पहिला महिना मात्र आम्ही चुकीच्या पद्धतीने फिरलो. शनिवारी सकाळी यादी करायची, रिक्षा ठरवायची आणि निघायचं. हर्णैसमोर समुद्रात असलेल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याला गेलो तेव्हा भरती चढत होती. तिथे धक्का नाही, होडीतून थेट पाण्यात उतरावं लागतं. मी कमरेएवढ्या पाण्यात, आई होडीतच बसून. माघारी आलो ते आई किल्ला न बघताच. त्या संध्याकाळी घरमालकीण काकूंनी विचारलं, ‘आज तिथी कोणती होती, बघितलीत का?’

मग त्यांनी तो हिशोब शिकवला, जो इथे पोराटोरांनाही येतो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे नऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे भर दुपारी बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती-ओहोटी, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. त्या दिवसापासून आमच्या खोलीत कॅलेंडर दाराशेजारी लागलं आणि सगळं फिरणं त्याच्यावरून ठरायला लागलं. या सगळ्या लिहिण्यातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

सुवर्णदुर्गाला जानेवारीत पुन्हा गेलो, भांगाच्या दिवशी, ओहोटी धरून. पाणी पोटरीपर्यंत. होडीवाल्या दादांनी आईला हात धरून वाळूवर उतरवलं. दरवाजा दोन बुरुजांच्या आड असा लपलाय की अगदी समोर जाईपर्यंत दिसत नाही. उंबरठ्यापाशी दगडात कोरलेलं कासव आहे, ते बघायला आई खाली बसली. डॉक्टरांनी मना केलेलं, तरी बसली. आत झाडोरा खूप माजलाय, पायात बूट हवेतच. 1755 साली मराठा आरमाराचे सरदार तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला घेण्यासाठी पेशवे आणि इंग्रज एकत्र आले होते. मराठ्यांच्याच आरमाराचा किल्ला पाडायला मराठेच इंग्रजांना सोबत घेऊन आले, हे तटावर उभं राहून आठवलं की मन उदास होतं.

हर्णैचा लिलाव दुपारी चारनंतर गाठा. नावा बंदरात लागतात, बैलगाड्या पाण्यात उतरून माल आणतात आणि वाळूवर पाट्या मांडल्या जातात. सुरमई, पापलेट, हलवा, कोळंबी. बोली इतकी भरभर होते की पहिल्या दोन वेळा मला कळलंच नाही कुणी घेतलं. एक विनंती: बोली चालू असताना फोटोसाठी मध्ये जाऊ नका. त्यांचा तो रोजगार आहे. घरापुरतं हवं असेल तर लिलाव घेतलेल्या बायकांकडून किरकोळ घ्या आणि तिथेच साफ करून घ्या.

आता आसूदचं केशवराजाचं देऊळ. सात महिन्यांत मी सहा वेळा गेले आणि अजून जाईन. दापोली-हर्णै रस्त्यावर आसूदला उतरायचं, दाबकेवाडीतून खाली नारळी-पोफळीच्या बागांत शिरायचं. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, कडेने पाटाचं पाणी वाहत असतं. खाली ओढा, त्यावरचा पूल ओलांडला की समोर चढ सुरू. बाहेर कितीही ऊन असो, इथे अंगावर सावली आणि गारवा. वर देवळाच्या आवारात दगडी गोमुख आहे, त्यातून बारा महिने पाणी पडतं. डिसेंबरात आई पुलापर्यंतच आली, पलीकडे बघत बसून राहिली. मार्चमध्ये, रोजच्या चालण्याने पाय सुधारल्यावर, काठी टेकत, प्रत्येक वळणावर थांबत, ती वर पोचली. गोमुखाखाली ओंजळ धरली, तोंडावर पाणी मारलं आणि काही न बोलता बराच वेळ तशीच उभी राहिली. पाणी तिच्या कोपरांवरून ओघळत होतं. मला ती जागा तेव्हापासून देवळापेक्षा मोठी वाटते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी सकाळी आठच्या आत जावं, घाई करू नये आणि उतरताना जास्त सांभाळावं.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती सगळेच बघतात, बघावाच. उजव्या सोंडेची मूर्ती, पांढरंशुभ्र देऊळ आणि वरून दिसणारा समुद्र. संकष्टीला आणि अंगारकीला टाळा, गर्दीत काहीच मिळत नाही. पूर्वी खाडी तरीतून ओलांडायला लागायची, आता पूल झालाय.

पण आंजर्ल्याला खरं जायचं ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालायला येतात. कासवमित्र ती अंडी उचलून कुंपणातल्या खड्ड्यांत पुरतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. सकाळी आणि संध्याकाळी खड्ड्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलून बघतात. आम्ही तीन पहाटे गेलो. दोन वेळा टोपलीखाली नुसती वाळू. तिसऱ्या दिवशी वाळू हलताना दिसली, आधी एक काळं नाक, मग एकदम अकरा पिल्लं. तळहाताएवढीसुद्धा नाहीत. वाळूवर सोडली की त्यांच्या वल्ह्यासारख्या पायांच्या दोन बारीक रांगा उमटत जातात. एक पिल्लू लाटेने तीनदा मागे फेकलं गेलं, चौथ्यांदा गेलं. कुणी हात लावायचा नाही, हा नियम तिथले तरुण फार नीट पाळून घेतात. एका दिवसाच्या बोलीवर जाऊ नका, दोन-तीन पहाटा हाताशी ठेवा. या कामाची सुरुवात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 साली झाली. तिकडे जायचं तर मुक्कामच करावा.

पन्हाळेकाजीची लेणी गाडी असेल तरच. 29 लेणी, कोटजाई नदीच्या काठी, बौद्धांपासून नाथपंथीयांपर्यंत. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. पाणी आणि डबा सोबत घ्या. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट जाते, गाडीसकट पलीकडे गुहागर; मुलांना फार आवडेल.

मुरूडातच धोंडो केशव कर्व्यांचं मूळ घराणं. सरकारी परीक्षेसाठी इथून साताऱ्यापर्यंत ते चालत गेले आणि वय कमी दिसतं म्हणून परत पाठवले गेले. गावातून संध्याकाळी फिरताना आई हे मला पुन्हा पुन्हा सांगायची.

तक्रार एकच, पण ती मनापासून. डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या एका होडीत आम्ही बसलो. एक पाठ पाण्यावर दिसली आणि पाच होड्या इंजिन फुल्ल करून तिच्यामागे धावल्या. आम्ही थांबा म्हटलं, ऐकलं नाही. पुन्हा कधी गेलो नाही. जायचंच असेल तर भल्या पहाटे, इंजिन बंद करून वाट बघणारा माणूस शोधा आणि पैसे द्यायच्या आधी हे बोलून घ्या. आणि गाड्या किनाऱ्यावर आणू नका. भरतीत रुतलेल्या तीन गाड्या मी स्वतः पाहिल्या, शिवाय त्याच वाळूत कासवं येतात.

जेवणाचं वेगळं सांगायला नको, पण मार्चमध्ये ओल्या काजूची उसळ मिळाली तर सोडू नका.

मे अखेरीला नावा वर ओढायला सुरुवात झाली. 1 जूनपासून मासेमारी बंद, त्याआधी झापांनी नावा शाकारून ठेवतात. आम्ही निघालो त्या सकाळी काकूंच्या शेजाऱ्यांची नाव वर चढत होती. दोरीला पंधरा-वीस माणसं होती. आईने हातातली काठी मला दिली आणि तीही दोरीला लागली.