विंडोज ११ आणि लिनक्स मिंट: काही महिने दोन्ही वापरून झाल्यावर

विंडोज ११ ला नाकं मुरडणाऱ्यांत मी पहिल्यापासून होते. आता कामाच्या लॅपटॉपवर ती बरेच महिने रोज वापरते आहे आणि जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट सिस्टिम चालवते आहे. काम दोन्हीकडे तेच: मराठी मजकुराचं संपादन, भरपूर वर्ड फायली, थोड्या एक्सेल आणि दिवसभर उघडा ब्राउझर. गेमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठी मशीन हवं असेल त्यांना या अनुभवाचा फारसा उपयोग नाही. "विंडोज सोडू का?" असं कुणी विचारलं तर मी आता उलट विचारते, तुझ्या फायली कशात अडकल्यात? खरा निकाल तिथेच लागतो.

आधी शंका कुठून आली ते. २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा मायक्रोसॉफ्टच्याच एका कर्मचाऱ्याने जाहीर परिषदेत ही विंडोजची शेवटची आवृत्ती असल्याचं सांगितलं होतं. पुढे फक्त अपडेट येत राहणार, असाच अर्थ लोकांनी घेतला. ५ ऑक्टोबर २०२१ ला ११ आली आणि सोबत अटींची यादीही. चार जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. अडचण टीपीएम २.० या सुरक्षा चिपची आणि त्याहून जास्त प्रोसेसरच्या यादीची होती. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर हवा. सातव्या पिढीतले मोजके अपवाद सोडले तर बाकी सगळे बाद. माझा डेस्कटॉप नेमका सातव्या पिढीचा. त्यात १६ जीबी रॅम आहे, एसएसडी आहे, कुठल्याही कामाला तो अडत नाही. तरी तो यादीत नाही. सुरक्षेसाठी हे हवं असा कंपनीचा युक्तिवाद आहे आणि तो अगदी पोकळ नाही. टीपीएममुळे डिस्कची किल्ली मशीनमध्येच सुरक्षित राहते, आणि सिस्टिमचा नाजूक भाग बाकीच्यांपासून वेगळा ठेवणारं संरक्षण (आभासीकरणावर आधारलेलं) नव्या प्रोसेसरवर मशीन फार मंद न करता चालतं. पण धडधाकट मशीन एका यादीमुळे म्हातारं ठरावं हे मला आजही पटत नाही.

नियम वाकवून ११ टाकायचे मार्ग आहेत. ते मी वापरले नाहीत. अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि रोजच्या कामाचं मशीन असं टांगणीला ठेवायची माझी तयारी नव्हती.

लॅपटॉपवरच्या ११ बद्दल आता सरळ बोलते. सिस्टिम म्हणून ती चांगली आहे. इतक्या महिन्यांत सिस्टिम कोसळल्याचा निळा पडदा एकदाही दिसला नाही. स्लीपमधून लगेच उठते. विंडोजचं बटण आणि झेड दाबलं की खिडक्या मांडायचे आराखडे समोर येतात. एका बाजूला मूळ मजकूर, दुसऱ्या बाजूला संपादित प्रत आणि कोपऱ्यात शब्दकोश अशी मांडणी मी दिवसातून अनेकदा करते. फाईल एक्सप्लोररमध्ये टॅब आले, हे तर फार आधीच व्हायला हवं होतं. मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड आतच मिळतात, वेगळं काही उतरवावं लागत नाही.

चिडचिड होते ती बारीकसारीक गोष्टींनी. उजवं क्लिक केलं की छोटा, नटवलेला मेन्यू येतो. त्यात कट, कॉपी यांची सुरुवातीला फक्त चिन्हं होती, आणि मला हवी ती आज्ञा बहुतेक वेळा 'शो मोअर ऑप्शन्स'च्या मागे लपलेली. शिफ्ट दाबून उजवं क्लिक केलं तर जुना मेन्यू थेट उघडतो. हे कळल्यावर माझा अर्धा राग गेला. टास्कबार बाजूला किंवा वर न्यायची सोय ११ आली तेव्हा काढून टाकलेली होती. फाईल ओढून टास्कबारवर नेणंही तेव्हा बंद होतं, ते २०२२ च्या अपडेटमध्ये परत आलं. चालू असलेली गोष्ट काढायची आणि वर्षाने नवीन म्हणून परत द्यायची, या प्रकाराला काय म्हणावं? सेटिंग्ज आणि कंट्रोल पॅनेल अजूनही दोन वेगळे संसार मांडून बसलेत. कुठली गोष्ट कुठे सापडेल याला नियम नाही.

यापेक्षा मोठा मुद्दा आहे सिस्टिम आपल्या वतीने जे ठरवते त्याचा. होम आवृत्ती सुरू करतानाच मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. खातं जोडलं की वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा, फोल्डर बॅकअप चालू होऊ शकतो, आणि मग डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स यांचा पत्ताच बदलून ते वनड्राइव्हच्या फोल्डरात जातात. फुकट जागा ५ जीबी. तेव्हा नव्या मशीनवर पहिलं काम म्हणजे हा बॅकअप चालू आहे का ते बघणं. दुसरं काम, स्टार्ट मेन्यूच्या सेटिंगमध्ये जाऊन सूचना आणि नव्या ॲप्सच्या शिफारशी बंद करणं. पैसे मोजून घेतलेल्या सिस्टिमच्या स्टार्ट मेन्यूत ॲपची जाहिरात दिसणं मला पटणारं नाही, मग त्याला शिफारस म्हणा नाहीतर आणखी काही.

११ मधल्या रिकॉल या सोयीबद्दल मला सारखं विचारलं जातं. पडद्यावर जे दिसतं त्याची ठरावीक वेळाने चित्रं घेऊन ती शोधता येतील अशी साठवायची, ही कल्पना मे २०२४ मध्ये जाहीर झाली. साठवलेली माहिती पुरेशी सुरक्षित नसल्याचं तज्ज्ञांनी दाखवून दिल्यावर ती मागे घेतली गेली. २०२५ मध्ये ती परत आली, या वेळी आपणहून चालू करण्याच्या आणि विंडोज हॅलोने (चेहरा, बोटाचा ठसा किंवा पिन) ओळख पटवण्याच्या अटीवर. ती फक्त कोपायलट प्लस म्हणून विकल्या जाणाऱ्या, एआयच्या कामासाठीची खास चिप (एनपीयू) असलेल्या मशीनवर चालते. माझ्या लॅपटॉपवर ती नाहीच, त्यामुळे अनुभव काही सांगता येणार नाही. असती तरी चालू केली नसती.

आता डेस्कटॉप. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वैयक्तिक वापरासाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत आहे, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. मी मिंट घेतलं, २२ वी आवृत्ती, जी उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि जिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिलं. यात डिस्कला धक्का लागत नाही. वाय-फाय, आवाज, छपाई सगळं तपासून मगच ठरवता येतं. हे सगळ्यांनी करावं.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकणार असाल तर दोन गोष्टी आधी करा. डिस्क कुलूपबंद ठेवणारं बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा आणि असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बूटच्या मांडणीत बदल झाला की विंडोज ती मागू शकते, आणि त्या क्षणी ती त्याच बंद मशीनमध्ये असून चालत नाही. दुसरं म्हणजे फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धी निजते, आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

मिंट रोजच्या वापरात इतकं साधं आहे की त्याबद्दल लिहायला फार काही नाही. खाली पट्टी, कोपऱ्यात मेन्यू, ब्राउझर तोच. अपडेट कधी घ्यायचे ते मी ठरवते. टाइमशिफ्ट सिस्टिमच्या प्रती ठेवतं, काही बिघडलं तर कालच्या स्थितीत जाता येतं. प्रिंटर न सांगता सापडला. सोबतच्या स्कॅनरने मात्र घाम काढला. त्याच्या कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर कधी केलाच नाही, शेवटी मी फोनने स्कॅन करायला लागले.

खरी परीक्षा वर्ड फायलींची झाली, तीही मराठी फायलींची. लिबरऑफिस या फुकट ऑफिस संचातला रायटर, म्हणजे वर्डचा पर्याय, फाईल उघडतं, ट्रॅक चेंजेस दाखवतं, टिपा दाखवतं. पण मंगल फॉन्टमधली फाईल उघडली की पानं सरकतात. मंगल मायक्रोसॉफ्टचा आहे, लिनक्ससोबत तो येत नाही. त्याच्या जागी नोटो किंवा लोहित लागतो. त्यांची ओळीची उंची वेगळी, अक्षराची रुंदी वेगळी. दहा पानांची फाईल अकराव्या पानावर दोन ओळी सांडते, अनुक्रमणिकेतले पानक्रमांक चुकतात. इंग्रजीत ही अडचण कमी जाणवते, कारण कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो आहे, टाइम्सच्या मापाचा लिबरेशन सेरिफ आहे. मंगलच्या मापाचं असं काही मला मिळालं नाही. गंमत म्हणजे विंडोजच्या नव्या आवृत्त्यांतही मंगल आपोआप नसतो, मराठी किंवा हिंदी भाषा जोडली की येतो.

दुसरा गुंता असा की रायटरमध्ये देवनागरी 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या खात्यात मोडते. प्रत्येक स्टाईलमध्ये रोमन अक्षरांचा फॉन्ट आणि आकार वेगळा, देवनागरीचा वेगळा. भाषेच्या सेटिंगमध्ये हे खातं चालू केलं नसेल तर आपण स्टाईलचा आकार १२ चा १४ करतो आणि मराठी मजकूर जागचा हलत नाही. एकदा चालू करून आपली टेम्प्लेट बनवून ठेवली की प्रश्न मिटतो. तेव्हापासून मी एकटीने करायचं सगळं लेखन रायटरमध्ये करते आणि शेवटची प्रत पीडीएफ करून पाठवते. पण ज्या फायली चार जणांच्या हातांतून फिरतात त्या लॅपटॉपवर वर्डमध्येच उघडते. टंकलेखनाची अडचण नाही. आयबस आणि एम१७एन हे टंकलेखनाचे प्रोग्राम बसवले की इनस्क्रिप्ट मिळतो आणि बोटांना फरक कळत नाही.

गेमचं थोडक्यात: स्टीम या गेमच्या दुकानाच्या प्रोटॉनमुळे विंडोजचे पुष्कळ गेम लिनक्सवर चालतात, पण फसवणूक रोखायला सिस्टिममध्ये खोलवर पहारा ठेवणारे व्हॅलोरंटसारखे गेम नाहीत. ॲडोबीचे प्रोग्राम लिनक्सवर येत नाहीत, त्यावर पोट असेल तर विषय संपला.

मॅकचाही विचार केला होता. विंडोजने जुनी मशीनं टाकली म्हणून तिकडे जावं, तर ॲपलने २०२५ मध्येच जाहीर केलंय की टाहो ही इंटेल प्रोसेसरच्या जुन्या मॅकवर चालणारी मॅकओएसची शेवटची आवृत्ती. नव्या मॅकची बॅटरी आणि वेग याबद्दल वाद नाही, पण रॅम नंतर वाढवता येत नाही आणि नवं मशीन तर घ्यावंच लागतं. माझी मुख्य तक्रारच चालतं मशीन बाद करण्याबद्दल होती, त्यामुळे तो पर्याय मी बाजूला ठेवला.

तेव्हा ज्यांचं काम ब्राउझरमध्ये आहे आणि मशीन ११ च्या यादीत नाही त्यांनी मिंट बिनधास्त टाकावं. मशीन यादीत असेल तर ११ ला भिण्यासारखं काही नाही, फक्त पहिला तासभर सेटिंग्जमध्ये घालवायची तयारी हवी. माझ्यापुरतं सांगायचं तर लॅपटॉपवरची विंडोज जाणार नाही, आणि त्याचं कारण एकच एक्सेल फाईल आहे. बिलांचा सगळा हिशेब तीत आहे, कुणीतरी फार पूर्वी मॅक्रो आणि भरायचे फॉर्म घालून बनवलेली. लिबरऑफिस कॅल्कमध्ये आकडे नीट दिसतात, बटणं दिसतात, पण बटण दाबलं की फॉर्म धड उघडत नाही. ती नव्याने बांधायला घेतली आहे. ती कॅल्कमध्ये चालायला लागली की लॅपटॉपबद्दल पुन्हा विचार करीन.