खोक्यातलं शेल्फ, लोखंडी रॅक की सुताराचं कपाट?

ऑनलाइन मागवलेलं स्वस्त बुकशेल्फ किती वर्षं टिकतं, याचं एक उत्तर विकणारा देतो आणि दुसरंच उत्तर ते भंगारात काढणारा. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. दाबलेल्या भुशाच्या पार्टिकल बोर्डाचं शेल्फ दर दोन वर्षांनी भाड्याचं घर बदलत फिरलं, तर तिसऱ्या घरात डुगडुगायला लागतं. तेच शेल्फ स्वतःच्या फ्लॅटमध्ये कोरड्या भिंतीला आवळून बसवलं, तर दहा-बारा वर्षं कुरकुर न करता काढतं. म्हणून किंमत बघायच्या आधी दोन प्रश्नांची उत्तरं द्या. येत्या पाच वर्षांत घर किती वेळा बदलणार? आणि एका फळीवर पुस्तकांच्या किती ओळी लावणार?

दुसरा प्रश्न किरकोळ वाटेल, पण हिशोब करून बघा. आपली बरीचशी पुस्तकं डेमी आकाराची, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंची. दोनशे पानांचं असं पुस्तक पाव किलोच्या आसपास भरतं आणि फळीवर जेमतेम सव्वा सेंटिमीटर जागा खातं. ८० सेंटिमीटर रुंदीच्या शेल्फात आतली फळी ७६ सेंटिमीटरची असते. तिच्यावर साठेक पुस्तकं मावतात, म्हणजे १५-१६ किलो झाले. या जातकुळीतलं सगळ्यात ओळखीचं शेल्फ म्हणजे आयकियाचं बिली, १९७९ साली गिलिस लुंडग्रेन यांनी आखलेलं. त्यात या रुंदीच्या फळीला ३० किलोची मर्यादा दिलेली आहे. एका ओळीला निम्मा भार झाला, म्हणजे चैन आहे. पण फळीची खोली पाऊण फुटाहून जास्त, आणि पुढे रिकामी पट्टी दिसली की कुठल्या वाचकाचा हात थांबतो? दुसरी ओळ लागते, थोडी बाहेर डोकावते, आणि फळीवर ३०-३२ किलो चढतात. वरच्या फटीत दिवाळी अंकांचा गठ्ठा आडवा सरकवला की संपलंच.

फळी मोडत मात्र नाही, ती हळूहळू पोट सोडते. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा-चिपा रेझिनमध्ये दाबून केलेली पाटी. एकसारखं वजन पडत राहिलं की ती पहिल्या दिवशी थोडी वाकते आणि पुढे महिनोन्महिने वाकतच राहते. पुस्तकं उतरवली तरी पूर्ण सरळ होत नाही. इथे रुंदीचा खेळ समजून घेण्यासारखा आहे. पुस्तकांनी भरलेली फळी ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची केली, तर तिचा झोल दीडपट होत नाही, साधारण पाचपट होतो. उलट जाडी १८ मिलिमीटरवरून २५ वर नेली, तर झोल जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो. अगदी स्वस्त शेल्फं नेमकी दोन्हीकडून मार खातात: बोर्ड १५-१६ मिलिमीटरचा, आणि फोटोत ऐसपैस दिसावं म्हणून रुंदी तीन फुटांची. तेव्हा एक रुंद शेल्फ घेण्यापेक्षा दोन अरुंद शेल्फं शेजारी शेजारी लावलेली केव्हाही चांगली. फळी वाकलीच असेल, तर उलटी करून बसवा. जुनाच उपाय आहे, पण आणखी काही वर्षं निघतात.

आपल्याकडे या शेल्फांचा खरा शत्रू मात्र खालून येतो. रोज फरशी पुसली जाते, ओलं फडकं शेल्फच्या पायथ्याला घासत जातं. बाजूच्या पाट्यांच्या समोरच्या कडेला पट्टी चिकटवलेली असते, पण जमिनीवर टेकणारी कड बहुतेक वेळा उघडी असते. ती पाणी पिते. आधी कोपऱ्यावरचा कागद किंचित फुगतो, मग नखाने उकरलं तर आतून ओला भुसा निघतो. एकदा फुगलेला बोर्ड वाळला तरी बसत नाही. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टची दमट हवा त्यात भर घालते, शेल्फ बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला लावलेलं असेल तर विचारूच नका. पाठीचा पातळ हार्डबोर्ड आधी लाटांसारखा होतो, मग खिळ्यांतून सुटतो. लोक म्हणतात, पाठच तर आहे! पण त्या तीन मिलिमीटरच्या पाटीमुळेच सगळा सांगाडा काटकोनात उभा असतो. ती सुटली की शेल्फ एका बाजूला कलतं आणि सांधे खिळखिळे होतात. खोकं उघडल्या दिवशीच खालच्या कडांना ऑइलपेंटचे दोन हात मारा, खाली रबराचे बूट लावा, भिंतीपासून बोटभर अंतर ठेवा. फार खर्च नाही, आणि शेल्फचं आयुष्य बहुधा इथेच ठरतं.

घर बदलण्याचं गणित वेगळं. महाराष्ट्रात भाडेकरार बहुतेक ११ महिन्यांचे, आणि सामान हलवणारी माणसं शेल्फ सुटं करायला वेळ देत नाहीत. ते उभंच्या उभं उचलतात, टेम्पोत आडवं टाकतात. मिनिफिक्सचे (पेचकसाने फिरवून आवळायच्या गोल खटक्यांचे) सांधे तेव्हाच सैल होतात. सुटं करून नेलं तर स्क्रू दुसऱ्यांदा बसवताना जाणवतं की भोकाच्या कडा भुगा होऊन गेल्यात आणि स्क्रू नुसताच फिरतोय. काडेपेटीची काडी फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकायची, वाळू द्यायची आणि मग स्क्रू आवळायचा, हे एकदा चालतं. लाकडी खुंट्यांना पहिल्याच दिवशी फेविकॉल लावला तर शेल्फ कितीतरी मजबूत होतं, फक्त मग ते पुन्हा सुटं करता येत नाही. मुक्काम पक्का असेल तर चिकटवा, नसेल तर नको. एमडीएफचं, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डाचं शेल्फ दिसायला गुळगुळीत आणि रंगाला छान, पण वाकण्यात आणि पाणी पिण्यात साध्या पार्टिकल बोर्डाचंच भावंड.

आता लोखंडी रॅक. दुकानाच्या मागच्या खोलीत, शाळेच्या स्टोअरमध्ये, वकिलाच्या ऑफिसात दिसतो तो, भोकं पाडलेल्या अँगलचा. खरं तर खोक्यातून येणारं मूळ शेल्फ हेच: चार अँगल, पाच-सहा पत्रे, नटबोल्टची पिशवी. कितीही वेळा सोडा, कितीही वेळा जोडा, भोकाचं काही बिघडत नाही. वाळवी लागत नाही, फरशी पुसल्याने फुगत नाही. फळ्या हव्या त्या उंचीवर लावता येतात. आणि नको झाला की भंगारवाला किलोवर घेऊन जातो. फुगलेलं पार्टिकल बोर्ड तो फुकटही उचलत नाही.

दोष आहेतच. दिवाणखान्यात तो गोदामासारखा दिसतो, हे घरच्यांचं म्हणणं खोडून काढणं अवघड. पत्र्याच्या कडा पुस्तकाच्या कव्हरला ओरखडे काढतात, बाजू उघड्या असल्यामुळे शेवटची पुस्तकं घसरून पडतात. समुद्राजवळ राहत असाल तर नुसता स्प्रे मारलेला रॅक दोन-तीन पावसाळ्यांत बोल्टपाशी गंजायला लागतो, तिथे पावडर कोटिंगच (भट्टीत पक्का केलेला पावडरीचा रंग) घ्यावं. घेताना गेज विचारा. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, त्यामुळे २२ गेजला ‘हेवी’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. पुस्तकांसाठी फळी २० गेजची किंवा त्याहून जाड असावी, कडा खाली दुमडलेल्या असाव्यात. कोपऱ्यांच्या त्रिकोणी पट्ट्या सगळ्या बसवून घ्या. फिटिंगवाला त्या हमखास खिशात घालतो, आणि मग रॅक झुलतो.

तिसरा रस्ता सुताराचा. सहा फुटी कपाटाला किती प्लाय लागतो हे आधी स्वतः मोजा, म्हणजे बोलणी सोपी जातात. आठ बाय चार फुटांच्या शीटमधून ९ इंच रुंदीच्या पाच पट्ट्या निघतात. दोन पट्ट्यांत दोन्ही बाजू झाल्या. उरलेल्या तिनांतल्या प्रत्येकीतून पावणेबत्तीस इंचाच्या तीन फळ्या, म्हणजे नऊ. तळ आणि माथा धरूनही पुरून उरतात. पाठीला पातळ प्लाय वेगळा. एका कपाटाला एक शीट पुरतं, हे सुतार आपणहून सांगत नाही. ९ इंच खोलीत डेमी पुस्तक आरामात बसतं आणि दुसरी ओळ लावायचा मोह होत नाही, हा फायदा वेगळाच. पाऊण इंची प्लायला समोरून खाली दीड इंचाची सागवानी पट्टी मारून घेतली की फळी वाकायचं नाव घेत नाही. शीटवरचा शिक्का बघा. प्लायमध्ये एमआर (दमटपणा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणीही सोसणारा) असे प्रकार असतात. एमआर दमटपणा सोसतो, पाणी सोसत नाही. मुंबईत किंवा तळमजल्यावर बीडब्ल्यूआर घ्या. आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय पुस्तकांसाठी उगाच महाग.

असं कपाट वीस-पंचवीस वर्षं जातं आणि फळी बदलून पुढेही चालतं. पण मजुरी आणि सनमायका धरून खोक्यातल्या शेल्फच्या कितीतरी पट पैसे जातात, घरात आठवडाभर भुसा उडतो, आणि जिना अरुंद असला तर घर सोडताना ते दारातून काढायचं कसं हा प्रश्न उरतोच.

आंब्याच्या किंवा शिसमच्या लाकडाची जोडायची शेल्फंही मिळतात. शिसम ठीक आहे. आंब्याच्या लाकडावर नीट प्रक्रिया झालेली नसेल तर भुंगेरा लागतो आणि फळीखाली पिवळसर पिठाची रास दिसते. विकणाऱ्याला प्रक्रियेबद्दल स्पष्ट विचारा.

माझं मत विचाराल तर: शिकायला किंवा पहिल्या नोकरीला नव्या शहरात आला असाल आणि पुस्तकं दोनशेच्या आत असतील, तर खोक्यातलं अरुंद शेल्फ बिनधास्त घ्या. भाड्याच्या घरात पुस्तकं वाढत चालली असतील तर लोखंडी रॅक, पावडर कोटिंगचा, आणि पुढून पडदा लावायची तयारी. घर स्वतःचं आणि ओल नसेल तर सुतार. मधला मार्गही निघतो: चांगल्या शेल्फचा सांगाडा ठेवायचा आणि फक्त वाकलेल्या फळ्यांच्या जागी त्याच मापाचा पाऊण इंची प्लाय कापून टाकायचा. प्लायवाला मापानुसार कापून देतो. बोर्ड १६ मिलिमीटरचा असेल तर प्लाय त्याहून जाड भरतो, म्हणून फळीच्या खुंट्या तेवढ्या तपासा.

जोडायचं कुठलंही उंच शेल्फ भिंतीला आवळल्याशिवाय लहान मुलांच्या घरात उभं करू नका. घरमालक भोक पाडू देत नसेल तर कमरेइतक्या उंचीचं घ्या. जुनं शेल्फ विकत घ्यायला गेलात, तर समोरून बघत बसू नका. खाली वाका, पायथ्याच्या कडेवर नख दाबा आणि मागे जाऊन पाठीचे खिळे जागेवर आहेत का ते बघा. नख रुतलं तर फुकट दिलं तरी आणू नका.